कळसाडीची मिरची आणि कुलूपबंद पानं

आपल्याकडे एक गंमत आहे बघा. कुणाचा शोधलेख बाहेरच्या मोठ्या नियतकालिकात छापून आला की आधी पेढे येतात, मग शाल येते, मग श्रीफळ येतं आणि शेवटी गावाच्या चौकात बॅनर लागतो. सगळं येतं, फक्त लेख वाचणारा माणूस तेवढा येत नाही! प्राध्यापकांच्या खोलीत अभिनंदनाचा नुसता गजर चालतो, आणि लेखाचं दुसरं पान कुणी उलटून पाहिलं का असं विचारलं की जो तो आपापल्या चहाच्या कपात बघायला लागतो.

नंदुरबारच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. चेतनाच्या बाबतीत अगदी हेच झालं. चेतना मूळची कोरीटची, शेतकऱ्याची मुलगी. तिच्या संशोधनाचा विषयही मातीतलाच होता. ओली लाल मिरची वाळवायची कशी? हिवाळा लागला की नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथारी अंथरलेल्या असतात, आणि वारा फिरला की अर्धं शहर शिंकत बसतं. त्या मिरचीला दव लागतं, मधूनच आभाळ येतं, मिरची काळवंडते, बुरशी धरते. चेतनाने कितीतरी हिवाळे यावर घालवले. कोरीट, कळसाडी आणि आसपासच्या गावांतून तिने मिरची मागून आणली. बांबूच्या कमानी उभारून त्यावर पारदर्शक प्लास्टिक टाकलं आणि त्याखाली ती वाळवून पाहिली. निम्म्या वेळात मिरची वाळली, आणि रंग असा राहिला की बघत राहावं!

लेख परदेशातल्या नामांकित नियतकालिकात छापून आला तेव्हा कोरीटमध्ये दिवाळी पुन्हा आल्यासारखं वातावरण झालं. चेतनाच्या धाकट्या भावाने, भाग्येशने, गावाच्या तोंडाशी बॅनर लावला. एका बाजूला चेतनाचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला लेखाचं पहिलं पान, भलंमोठं करून. इंग्रजी कुणाला कळणार म्हणून त्याने खाली लाल अक्षरात मराठीत छापून घेतलं, 'प्लास्टिकखाली मिरची वाळते निम्म्या वेळात! रंग टिकतो! आपल्या कोरीटच्या कन्येचं संशोधन!' त्याचा फोटो काढून त्याने व्हॉट्सअॅपवर सगळ्या गटांत सोडून दिला. चेतनानेही पाहिला. "मस्त लिहिलंस रे!" म्हणाली आणि तिनेही तो पुढे पाठवला.

चेतनाचे वडील, भिला आबा, त्या दिवशी बॅनरखालून हलायला तयार नव्हते. येईल त्याला थांबवून अहिराणीत सांगत होते.

"मन्ही पोरना लेख शे हाऊ! वाचाना व्हई तर पैसा भरना पडतस. कोणीबी उठं आनि वाचं, आसं नही!"

चेतनाची आई धनुबाई शेजारीच उभी होती. ती हळूच म्हणाली, "मंग गावमा कोणी वाचा, ते तरी सांगा!"

सगळे हसले. आबाही हसले. चेतना तर सगळ्यांत जास्त हसली. आईच्या बोलण्यात काही विचार करण्यासारखं आहे, असं त्या आनंदात कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

कॉलेजात परतल्यावर तिला ग्रंथालयातून बोलावणं आलं. ग्रंथपाल ग्रेसी गावित, नवापूरकडच्या. बारीक अंगाच्या, चष्मा कायम गळ्यात लोंबणारा, आणि आवाज असा की वाचनालयातला शेवटचा मुलगाही पेपर नीट धरून बसे. त्यांनी पेढा तोंडात टाकला, अभिनंदन केलं आणि लगेच मुद्द्यावर आल्या.

"चेतना मॅडम, तुमच्या लेखाची प्रत मला द्या. छापलेली नको. तज्ज्ञांनी तपासून मान्य केली ना, ती तुमची शेवटची टाइप केलेली प्रत. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मुक्त भांडार उघडलंय, तिथे ठेवायची. कुणीही, कुठूनही, काही न भरता वाचू शकेल."

चेतनाने पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला. "मुक्त? म्हणजे फुकट?"

"हो. तुमच्या प्रकाशकाचे नियम मी बघितलेत. त्यांनी सजवून छापलेली पानं ठेवता येत नाहीत, पण तुमची स्वतःची प्रत ठेवायला त्यांची हरकत नाही. आपल्या नावाच्या खाली त्यांच्या नियतकालिकाचं नाव द्यायचं, एवढंच."

"नको हो मॅडम," चेतना घाईघाईने म्हणाली. "त्या मागच्या वर्षीचं आठवतंय ना? आपल्यातले किती जण त्या बोगस नियतकालिकांत फसले! ती सगळी फुकट उघडणारीच होती. आता कुणाला उघडा लेख दाखवला की लोक नाक मुरडतात. माझा चांगला कुलपातला आहे तो कुलपातच बरा."

ग्रेसी मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांनी चष्मा चढवला की समजायचं, आता त्या ऐकवणार.

"ते बोगस होते, कारण तिथे लेख तपासणारं कुणी नव्हतं. दार उघडं होतं म्हणून ते बोगस झाले नाहीत! तुमचा लेख तर तज्ज्ञांनी चाळणी लावून तपासलाय. आता तो लोकांना वाचायला दिला तर त्याचं सोनं काय पितळ होणार आहे?"

"आणि कुणी उचलला म्हणजे? नाव काढून स्वतःच्या नावावर खपवला तर?"

"अहो, विद्यापीठाच्या भांडारात तुमचं नाव आणि तारीख सगळ्या जगासमोर राहील. चोराला अडचण तिथेच जास्त. जे कुणी पाहिलेलंच नाही ते चोरणं सोपं असतं." त्या जरा थांबल्या. "मॅडम, तुम्हाला पगार कुठून येतो? ती प्रयोगशाळा कुणाच्या करातून उभी राहिली? मिरची कुणी दिली? मग ते लोक बाहेर आणि लेख आत, हे कसं काय?"

चेतनाला राग आला. कौतुकाच्या दिवशी असं कुणी बोलतं का? "फुकट मिळालेल्याची लोकांना किंमत नसते, मॅडम," ती म्हणाली आणि उठली.

"बरं. विचार बदलला तर मी इथेच आहे," ग्रेसी मॅडम म्हणाल्या आणि पेढ्याचा बॉक्स पुढच्या टेबलावर सरकवला.

थंडी चांगली पडली तशी एके दिवशी चेतनाला कळसाडीहून फोन आला. गुलाबबाई, तिथल्या महिला बचत गटाच्या अध्यक्ष. चेतनाने प्रयोगासाठी मिरची मागितली तेव्हा याच बाईंनी गटातल्या साऱ्याजणींच्या घरून टोपल्या भरून दिल्या होत्या.

"मॅडम, तुमचा फोटो आला ना मोबाईलवर, तो बघून आम्ही पण प्लास्टिकचं केलं बरं का! गटाची सगळी मिरची त्याच्यात टाकली. आता मसाल्याचा धंदा करायचा ठरवलंय. परवा टाकली, आज कार्यक्रम ठेवलाय. तुमच्याच हातून नारळ फोडायचा. तुम्ही याच!"

चेतनाला आनंदाचं भरतंच आलं! आपलं संशोधन कागदावरून थेट अंगणात उतरलं! ती धावतच ग्रंथालयात गेली. ग्रेसी मॅडमना हे दाखवायलाच हवं होतं. "चला मॅडम, तुम्ही पण चला. बघा, कुलपातला लेख लोकांपर्यंत कसा पोचला ते!"

ग्रेसी मॅडम हसल्या, गाडीची किल्ली घेतली आणि दोघी निघाल्या. प्रकाशा गावाजवळचा पूल ओलांडताना तापीवरून गार वारा येत होता. चेतना सबंध रस्ताभर बोलत होती. गटाची मिरची किती उतरेल, मसाल्याला नाव काय द्यावं, पुढच्या वर्षी शासनाकडे योजना कशी पाठवावी. ग्रेसी मॅडम गाडी चालवता चालवता फक्त हूं हूं करत होत्या.

कळसाडीत गेल्या गेल्या वाजंत्री! गुलाबबाईंनी ओवाळलं, गळ्यात झेंडूचा भला जाड हार घातला आणि मिरवत मिरवत गटाच्या खळ्याकडे नेलं. तिथे बांबूच्या कमानींवर प्लास्टिकचे लांबच लांब बोगदे उभे होते. अगदी तिच्या प्रयोगातल्यासारखे! चेतनाचे डोळे भरून आले. ती जवळ गेली आणि जागच्या जागी थबकली.

बोगद्यांची दोन्ही तोंडं घट्ट बांधलेली होती. कडेने विटा रचून, वर माती लावून, हवा आत जायला सुईएवढी जागा ठेवलेली नव्हती. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून बायांनी मोठ्या काळजीने ते बंद केलं होतं. आणि आत, प्लास्टिकच्या अंगाला, पाण्याचे थेंब लोंबत होते. टपोरे. त्यातला एक तिच्या डोळ्यांदेखत मिरचीवर टपकला.

"उघडा!" चेतना ओरडली. "उघडा, उघडा, आधी हे उघडा!"

हातात नारळ घेतलेली बाई दचकली. वाजंत्रीवाले थांबले. चेतनाने गळ्यातला हार काढायचीही वाट पाहिली नाही. ती गुडघ्यावर बसली आणि विटा भिरकावायला लागली. "बघताय काय? या ना! तोंडं मोकळी करा, कडा वर उचला!"

"मॅडमले काय व्हयनं?" मागून कुणीतरी विचारलं.

पण गुलाबबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पदर खोचला. "चला गं बायांनो!" मग काय, साऱ्याजणी तुटून पडल्या. ग्रेसी मॅडम चष्मा सांभाळत माती उकरत होत्या. वाजंत्रीवाल्यांनी ढोल खाली ठेवला आणि तेही कमानी धरायला आले. एकेक बोगदा मोकळा झाला तशी आतून गरम, दमट वाफ तोंडावर आली. मिरची चाळली. वरची ठीक होती. मधली ओलसर होती. आणि तळाशी, जिथे थेंब साचले होते, तिथे पांढरी कोवळी बुरशी धरायला लागली होती.

"किती गेली?" गुलाबबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात आता उत्साह नव्हता.

चेतनाने मूठभर मिरची हातात घेतली, फोडून पाहिली, वास घेतला. "तळची काढून टाकावी लागेल, ताई. ती कुणाच्या पोटात जाता कामा नये. पण बरीच वाचली! आणखी एक रात्र अशीच राहिली असती ना, तर सगळी गेली असती!"

बायांनी सुस्कारे टाकले. एकीने डोळ्याला पदर लावला. वर्षभर भिशी टाकून, घरच्यांचं ऐकून घेऊन त्यांनी हा धंदा उभा केला होता, आणि पहिल्याच मिरचीला हे असं. गुलाबबाई मात्र चेतनासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, तोंडं उघडी ठेवायची, हाई तं त्या फोटोवर नव्हतं."

"आत आहे ना, ताई," चेतना म्हणाली. "लेखात आतल्या पानावर सगळं लिहिलंय. पहिल्या काही दिवसांत दोन्ही तोंडं उघडी ठेवायची, कडा हातभर वर उचलायच्या, नाहीतर आतल्या आत पाणी सुटतं आणि..."

बोलता बोलता ती थांबली. आपण काय बोलतोय ते तिचं तिलाच ऐकू आलं.

"आत!" गुलाबबाई म्हणाल्या. "आम्ही काय आत जायला बघितलं नाही का? ह्या नवलने मोबाईलवर तुमचा लेख शोधला." त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या आपल्या पुतण्याकडे बोट केलं. नवल गटाचे हिशेब आणि बँकेचं बघायचा. "विचारा त्याला. पहिलं पान दिसनं, आनि फुढे गया तर पैसा मांगाले लागनं! आम्हले वाटनं, पहिल्या पानवरच बठ्ठं व्हई, सगळंच!" आणि मग त्या एकदम शुद्ध मराठीत, शाळेत बोलल्यासारख्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही मिरची मागायला आल्या होत्या, तेव्हा आम्ही दार लावून घेतलं होतं का?"

चेतनाच्या गळ्यात हार होता आणि तो तिला एकाएकी फार जड वाटायला लागला. तिने तो काढला. कुणी तिला रागावलं नव्हतं. शिवी दिली नव्हती. पण खरं सांगायचं तर तिला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. आपण आनंदाने ज्याला 'मोठं' म्हणत होतो, त्या मोठेपणाने या बायांची मिरची सडवली होती!

तिने ग्रेसी मॅडमकडे पाहिलं. त्या काही 'मी म्हटलं होतं ना' असं म्हणाल्या नाहीत. त्या हातावरची माती झटकत होत्या.

"ताई, हा फोटो तुम्ही आणखी कुणाला पाठवला?" ग्रेसी मॅडमनी विचारलं.

"पाठवला ना! माझ्या बहिणीला, मावशीच्या गावाला. त्यांनी पुढे पाठवला असेल."

भाग्येशने किती गटांत टाकला होता! तिने स्वतः टाकला होता! कुठल्या कुठल्या अंगणात आत्ता या क्षणी विटा लावून प्लास्टिक बंद होत असेल? ती कुणाकुणाला फोन करणार? त्यातली निम्मी गावं तिला माहीतही नव्हती.

"मॅडम!" ती ग्रेसी मॅडमचा हात धरून म्हणाली, "आत्ता टाका! माझी प्रत माझ्या ईमेलमध्ये आहे. आत्ताच्या आत्ता टाका त्या भांडारात! कुलूप नको, काही नको. कुणालाही वाचू द्या!"

ग्रेसी मॅडमचा चेहरा असा उजळला की काय सांगावं! त्यांनी गाडीतून लॅपटॉप आणला, नवलने मोबाईलचं नेट जोडून दिलं, आणि गटाच्या खोलीत, मिरच्यांच्या पोत्यांवर बसून दोघी कामाला लागल्या. बाहेर बाया तळची मिरची वेगळी काढत होत्या, आत ठसका लागत होता, आणि ग्रेसी मॅडम शिंकत शिंकत टाइप करत होत्या.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात या भांडाराचं काम हेमकांत सर बघत. ग्रेसी मॅडमनी त्यांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"आजच्या आज?" पलीकडून हेमकांत सर म्हणाले. "मॅडम, माझ्या टेबलावर आधीचे बरेच आहेत."

"सर, इथे लोकांची मिरची सडतेय!"

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "पाठवा. नियम बघतो, आणि मी बसतोय समोर."

सगळ्याजणी दारात जमल्या. परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशी साऱ्यांची तऱ्हा झाली होती. नवल मोबाईलवर पुन्हा पुन्हा तेच पान ताजं करत होता. आणि एकदम तो ओरडला, "उघडनं! काकू, उघडनं! पैसा मांगत नही! बठ्ठं दखाई ऱ्हायनं!"

टाळ्या! वाजंत्रीवाल्यांनी तर विचारलंही नाही, सरळ ढोल वाजवायला सुरुवात केली. चेतना हसत होती आणि रडत होती. स्वतःच्या लेखाला एवढ्या टाळ्या तिने तो छापून आला तेव्हाही ऐकल्या नव्हत्या.

गुलाबबाईंनी मोबाईल हातात घेतला, बोटाने पानं वर सरकवली आणि कपाळाला आठी घातली. "उघडलं खरं. पण हे तर सगळं इंग्रजीत शे!"

आता मात्र ग्रेसी मॅडमही खो खो हसल्या. "खरंय ताई. दार उघडलं, पण उंबरा अजून उंच आहे! चेतना मॅडम, बसा. मराठीत सांगा, मी लिहिते. तेही जोडून टाकू."

चेतना सांगायला लागली, "बोगद्यातील सापेक्ष आर्द्रतेचं प्रमाण नियंत्रित ठेवण्यासाठी..."

"हे काय असतं?" गुलाबबाई म्हणाल्या.

"म्हणजे आतली दमट हवा बाहेर जावी म्हणून."

"मग तसंच लिहा ना!"

आणि तसंच लिहिलं गेलं. कडा किती उचलायच्या, हे टक्क्यांत न सांगता हातभर असं सांगितलं. मिरची कधी पलटायची, हे 'सकाळचं ऊन अंगाला लागलं की' असं सांगितलं. थेंब दिसले तर काय करायचं, बुरशी धरली तर ती मिरची का खायची नाही, वाळलेल्या मिरचीचा आवाज कसा येतो, सगळं. एखादं वाक्य जड झालं की दारातून कुणीतरी ओरडायचं, "समजनं नही!" चेतना पुन्हा सांगायची. वर्गात इतक्या मनापासून कुणी प्रश्न विचारत नाही, हे तिला मनोमन कबूल करावं लागलं. ते मराठी टिपणही हेमकांत सरांनी लेखासोबत जोडलं, आणि तळाशी चेतनाचा फोन नंबर दिला.

मग तिने भाग्येशला फोन केला. "तो फोटो जिथे जिथे पाठवलास ना, तिथे तिथे ही लिंक पाठव. आणि लिही, आधीचं अर्धं होतं, पूर्ण इथे आहे. आबांना पण सांग."

"आबा म्हणतील, आता फुकट झाला म्हणून," भाग्येश म्हणाला.

"मग त्यांना सांग, तुमच्या मुलीचा लेख आता खरंच गावाने वाचला."

कळसाडीची मिरची त्याच आठवड्यात खणखणीत वाळली. तळची गेली ती गेली, पण बाकीच्या मिरचीचा रंग असा उतरला की गटाच्या मसाल्याची पहिली पाकिटं बाजारात गेली तेव्हा व्यापारीच विचारायला लागले, कुठली मिरची ही? गुलाबबाईंनी पहिलं पाकीट चेतनाला पाठवलं, दुसरं ग्रेसी मॅडमना आणि एक चक्क विद्यापीठाच्या ग्रंथालयाला! हेमकांत सरांनी म्हणे ते घरी नेलं नाही, ऑफिसात सगळ्यांना दाखवत बसले.

पण खरी गोष्ट तर पुढे घडली. एका सकाळी चेतना तासाला जायच्या गडबडीत होती आणि तिला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, मी दानियल बोलतो, नवापूरकडून. आमचं गाव डोंगरात आहे, पार गुजरातच्या हद्दीवर. तुम्ही मला ओळखत नाही. आम्ही पण ते प्लास्टिकचं केलं होतं, फोटो बघून. माती लावून पक्कं बंद केलं होतं. मग माझ्या साल्याने ती लिंक पाठवली. मी आईला सगळं वाचून दाखवलं, मराठीतलं. लगेच तोंडं उघडली. मिरची वाचली, मॅडम!"

"वाचली?" चेतना मोठ्याने ओरडली. शेजारच्या वर्गातली मुलं बाहेर डोकावली. "सगळी?"

"सगळी! पण मी त्यासाठी फोन नाही केला. मी ते इंग्रजीतलं पण वाचलं, माझ्या मेव्हणीला बरोबर घेऊन, ती कॉलेजात आहे. त्यात तुम्ही सगळं सपाट जमिनीवरचं लिहिलंय. आमच्याकडे डोंगरात पहाटे धुकं खाली उतरतं. तोंडं उघडी ठेवली तर धुकं आत शिरतं, बंद केली तर पाणी सुटतं. मग आम्ही काय करायचं?"

चेतनाने याचा कधी विचारच केला नव्हता! परदेशातल्या ज्या तज्ज्ञांनी लेख तपासला, त्यांनीही हा प्रश्न विचारला नव्हता. विचारणार कसे? त्यांच्या अंगणात नवापूरच्या डोंगरातलं धुकं थोडंच उतरतं! हा प्रश्न फक्त त्यालाच पडू शकत होता ज्याच्या मिरचीवर ते उतरतं, आणि तोही तेव्हाच, जेव्हा पूर्ण लेख त्याच्या हातात पडला.

"दानियलभाऊ," ती आनंदाने म्हणाली, "मला माहीत नाही!"

"हो का," दानियल जरा हिरमुसला.

"अहो, म्हणजे कुणालाच माहीत नाही अजून! तुम्ही हे विचारलंत ते किती मोठं काम केलंत! मी रविवारी येते. तुमच्या अंगणातच कमानी उभारू. तुम्ही, तुमच्या आई, ती मेव्हणी, सगळे मिळून शोधून काढू. आणि जे निघेल त्यावर तुमचंही नाव येईल. पहिल्या दिवसापासून उघडं ठेवू, कुणीही वाचावं असं!"

"आईला विचारतो," दानियल म्हणाला. मग फोनवर दुसऱ्या भाषेतलं, घरातलं बोलणं ऐकू आलं, हसू आलं, आणि तो परत म्हणाला, "ती म्हणते, जेवायलाच या."

चेतना तासाला उशिरा पोचली. मुलांनी कारण विचारलं तेव्हा तिने धडा बाजूला ठेवला आणि त्यांना सगळं सांगितलं. पहिल्या पानावर भुललेल्या बाया, दारात ताटकळलेली माणसं, तिची स्वतःची फुशारकी, काहीच लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "मुलांनो, मी समजत होते, लेख जितका आत तितकी माझी इभ्रत मोठी. तसं नसतं. लेखाची खरी परीक्षा तो कुणी वाचून कामाला लावला तरच होते."

वाचकहो, ही गोष्ट मिरचीची असली तरी फक्त मिरचीची नाही. तुमच्या जिल्ह्यातल्या पाण्यावर, आजारांवर, पिकांवर, बोलीवर कुणी ना कुणी संशोधन केलेलं असतं. त्यासाठी माहिती तुम्ही दिलेली असते, खर्च तुमच्या करातून झालेला असतो, आणि ते नियतकालिकांच्या कुलपांत पडून असतं. हे कुलूप काढायला फार मोठी क्रांती लागत नाही. विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी दारं उघडायला घेतलीच आहेत, तिथे ग्रेसी मॅडमसारखी माणसं वाट बघत बसलेली आहेत. संशोधकांनी तेवढी आपली प्रत त्यांच्या हाती द्यायची आहे, लोकांना कळेल अशा दोन ओळी सोबत लिहायच्या आहेत. आणि आपण नागरिकांनी? आपण पहिल्या पानावर टाळ्या वाजवून थांबायचं नाही. आतलं दाखवा म्हणून हक्काने विचारायचं, वाचायचं, आणि पटलं नाही तर दानियलसारखा उलट प्रश्न करायचा!

रविवारी नवापूरच्या डोंगरात धुकं चांगलंच उतरलं होतं. दानियलच्या आईने आधी भाकरी वाढली आणि मग अंगणाकडे बोट दाखवलं. चेतनाने बाह्या मागे सारल्या आणि पहिला बांबू जमिनीत रोवला. ग्रेसी मॅडम शेजारी उभ्या राहून सगळं टिपून घेत होत्या, कारण यावेळी लेखाचं पहिलं पानच अंगणात लिहिलं जात होतं.